वाकड्या चाकांची सरळ बखर

सरळपणाबद्दल आपल्या समाजात फार आदर आहे. स्थळ सुचवताना 'मुलगा अगदी सरळमार्गी आहे' हे वाक्य पगाराच्या आकड्याच्या आधी येतं. पोलीस माणसाला सरळ करतात, मास्तर पूर्वी करायचे, आणि आमच्या नांदेडात रस्ता विचारला तर तुम्हाला कुठंही जायचं असो, उत्तर एकच मिळतं : 'सीधे जाव!' एवढ्या सरळपणाच्या मुलखात एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. मोटार सरळ जावी म्हणून तिची चाकं मुद्दाम वाकडी बसवलेली असतात. फार नाही, दोऱ्याएवढी, पण वाकडीच. आणि हा ठरवून दिलेला वाकडेपणा जरा कमी-जास्त झाला, की गाडीचं आणि मालकाचं असं दोघांचंही वाकडं व्हायला लागतं.

या वाकडेपणाचा इतिहास लिहायचं मी मनावर घेतलं आहे. 'तुझा काय अधिकार?' असं कुणी विचारील. माझा अधिकार एवढाच की मी बी.कॉम. आहे. बी.कॉम.ला इतिहास नसतो, ऑडिटिंग असतं. दोन्हींत मेलेल्या व्यवहारांची चौकशी करायची असते. फरक इतकाच, की इतिहासकाराला बादशहा सापडतात आणि ऑडिटरला व्हाउचरं. शिवाय माझं घर नांदेडला आणि बदली लातूरला, म्हणजे दर आठवड्याला नांदेड-लातूर आणि लातूर-नांदेड. लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर ही गावं मला लहान मुलाला उजळणी यावी तशी पाठ आहेत. गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. तिचं नाव सांगत नाही. घरच्या माणसाचं आणि गाडीचं नाव चारचौघांत घेऊ नये, असा आमच्याकडे जुना शिरस्ता आहे.

तर प्रारंभ बैलगाडीपासून. बैलगाडीला अलाइनमेंट हा प्रकार नाही. दोन चाकं, एक आख, आणि वळवायचं काम बैलांकडे. गाडी ओढाळ झालीच, तर दोष बैलाचा असतो आणि त्यावर उपाय म्हणजे कासरा. भानगड सुरू झाली ती माणसाला चार चाकं असावीत असं वाटल्यापासून. चार चाकांच्या घोडागाडीत पुढचा अख्खा आखच मध्यावरच्या एका खिळीवर फिरायचा. वळण बेताचं असलं तर ठीक. जोराचं असलं की आतलं चाक गाडीच्या पोटाखाली शिरायचं, पुढचा आधार चिंचोळा व्हायचा आणि सरदार-दरकदार मंडळी रस्त्याकडेच्या चारीत जाऊन पडायची.

यावर पहिल्यांदा डोकं चालवलं ते एका डॉक्टरानं. त्याचं नाव इरॅस्मस डार्विन, राहणार इंग्लंडातलं लिचफिल्ड. माकडाचा माणूस कसा झाला हे सांगणाऱ्या डार्विनचे हे आजोबा. व्हिजिटच्या निमित्तानं त्यांचा सगळा जन्म गाडीत चाललेला. १७५९च्या सुमारास त्यांनी विचार केला, की आख फिरवूच नये. तो जागेवर ठेवावा आणि दोन्ही टोकांची चाकं तेवढी आपापल्या खिळीवर वळवावीत. कल्पना नामी होती. पण डॉक्टरांनी तिचं पेटंट घेतलं नाही, आणि पुढं १७६८ साली गाडीतून पडून त्यांच्या गुडघ्याची वाटी मोडली. संशोधकाला त्याच्या विषयाकडून मिळणारी पावती बहुधा अशीच असते.

मग म्युनिकचा एक गाड्या बांधणारा कारागीर पुढं आला. त्याचं नाव गेओर्ग लँकेनश्पेर्गर. त्यानं हीच युक्ती नीट बसवली. पण त्याचा लंडनमधला एजंट होता रुडॉल्फ अॅकरमन. हा चित्रं छापून विकणारा मोठा दुकानदार. नेल्सनच्या अंत्ययात्रेचा रथ यानंच आखला होता. या अॅकरमननं १८१८ साली इंग्लंडात पेटंट काढलं. परिणाम असा, की आज जगभर त्या रचनेला अॅकरमन म्हणतात आणि लँकेनश्पेर्गरचं नाव उच्चारायलाही कुणी तयार नाही. काम एकाचं आणि नाव सहीवाल्याचं, ही पद्धत बँकांनी सुरू केली असा माझा कित्येक वर्षं समज होता. ती आपल्यापेक्षा जुनी आहे हे कळून बरं वाटलं.

या अॅकरमनच्या युक्तीत आहे काय, हे समजायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. खळं पाहिलेलं असलं की पुरे. मळणीच्या खळ्यात मधल्या मेढीभोवती बैलांची पात फिरते. मेढीजवळचा बैल जागच्या जागी वळल्यासारखा चालतो आणि कडेचा बिचारा पळ पळ पळतो. मोटार वळते तेव्हाही मेढ असतेच, फक्त दिसत नाही. आतलं चाक लहान वर्तुळात आणि बाहेरचं मोठ्या वर्तुळात फिरतं. म्हणून आतलं चाक जास्त वळलं पाहिजे आणि बाहेरचं कमी. दोन्ही सारखीच वळली तर एक चाक दुसऱ्याला फरफटत नेतं. संसारात हे चालतं; रबराच्या टायरला परवडत नाही.

हे प्रकरण साधं नव्हतं याचा पुरावा खुद्द कार्ल बेंझनं ठेवला आहे. १८८६ साली त्यानं पेटंट घेतलेल्या मोटारीला चाकं तीन. लोकांना वाटतं, काटकसर केली असेल. तसं नव्हतं. पुढची दोन चाकं एकाच वेळी नीट कशी वळवावीत हे त्याच्या मनासारखं सुटेना, म्हणून त्यानं पुढं एकच चाक ठेवलं आणि प्रश्नच मिटवला. स्टेअरिंगचं पेटंट त्याला १८९३ साली मिळालं, आणि मग त्याची गाडी चार चाकांवर आली. म्हणजे नांदेड स्टेशनासमोर उभी असलेली ऑटोरिक्षा बघून नाक मुरडू नये. तिची आणि जगातल्या पहिल्या मोटारीची कुंडली एक आहे. पुढच्या दोन चाकांचं एकमेकांशी पटत नाही ही तक्रार घेऊन कुठलाही रिक्षावाला आजवर गॅरेजात गेलेला नाही.

आता वाकडेपणाकडे येऊ. तो तीन प्रकारचा असतो, आणि तिन्ही प्रकार मोटारीच्या आधीचे किंवा मोटारीबाहेरचे आहेत.

पहिला, चाक उभ्यातून कलणं. गॅरेजच्या भाषेत कॅम्बर. हा सगळ्यांत चांगला कुणाला समजत असेल तर आम्हा कॅशियर लोकांना. काउंटरवरून दहाचं नाणं घरंगळतं तेव्हा ते कधीही सरळ जात नाही. ज्या बाजूला कलतं, त्याच बाजूला वळतं, आणि शेवटी मॅनेजरच्या टेबलाखाली जाऊन पडतं. चाकाचंही तसंच. जिकडे कलेल तिकडे वळू बघेल.

दुसरा, चाकांची पुढची टोकं किंचित आत किंवा बाहेर असणं. याला टो म्हणतात. पायाची बोटं आत वळवून चालणारी माणसं असतात ना, तसं. इंग्लंडातले जुने सुतार गाड्यांची चाकं बशीसारखी खोलगट करत आणि आखाची टोकं जराशी खाली झुकवत, त्यामुळं चाकं वरून बाहेरच्या अंगाला कलत. कलल्यावर नाण्याच्या न्यायानं प्रत्येक चाक बाहेर पळू बघणार! म्हणून तेच सुतार आखाची टोकं किंचित पुढंही वळवून चाकांची तोंडं आत आणत. म्हणजे एक वाकडेपणा दुसऱ्या वाकडेपणानं फेडायचा. मोटारवाल्यांनी हीच जमाखर्चाची पद्धत पुढं चालवली.

तिसरा कास्टर. हा सायकलीत आहे. सायकलीचा पुढचा चिमटा तिरपा असतो. त्याची रेघ खाली वाढवली तर चाक जिथं जमिनीला टेकतं त्याच्या थोडी पुढं जाऊन टेकते. त्यामुळं चाक त्या रेघेच्या मागोमाग, पदर धरून चालल्यासारखं येतं आणि आपणहून सरळ होतं. शाळेत असताना मुलींच्या शाळेवरून हात सोडून सायकल मारणारे आम्ही सगळे कास्टरच्या जिवावर उडत होतो. श्रेय मात्र स्वतःकडे घ्यायचो.

हे सगळं युरोपात घडलं. मराठवाड्यात मोटारीच्या चाकांचा सार्वजनिक इतिहास सुरू होतो तो १९३२ साली. निजामाच्या रेल्वेनं त्या वर्षी रस्ता-वाहतुकीची शाखा काढली, २७ गाड्या आणि १६६ माणसं घेऊन. गाड्या स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या. पुढं १९४८ साली संस्थान भारतात आलं, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि १९६१ साली इथली गाडी एकत्र झालेल्या एस.टी.त गेली. एवढी राज्यं बदलली, पण बसच्या पुढच्या चाकांमधला लोखंडी आख काही बदलला नाही. अख्खा, ठोकळेबाज आणि एकसंध. त्याच्या दोन टोकांना किंगपिन, आणि वर कमानी. कलणं आणि तिरपेपणा हे कारखान्यात ठरलेलं. मेकॅनिकच्या हातात एकच गोष्ट होती, टो. ती तो लोखंडी गज लावून मोजी आणि टायरॉड पिळून बसवी.

खासगी गाड्यांत मात्र दोन्ही चाकं वेगळी झाली. आमच्या लातूरच्या शेजारचे, सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली. तिची फियाट १९७४ साली पद्मिनी झाली आणि आमच्या पिढीच्या वरातींत फुलं लावून फिरली. तिची आणि अॅम्बॅसेडरची पुढची चाकं एका आखात अडकलेली नव्हती. एक चाक खड्ड्यात गेलं तर दुसऱ्यानं सुतक पाळायचं कारण उरलं नाही. त्यानंतर अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरची रचना आली. १९५० साली इंग्लंडच्या फोर्ड कॉन्सलमध्ये ती होती, आणि १९८३ साली आपल्याकडे मारुती ८०० अवतरली तीही तीच घेऊन. यात शॉकअप हाच चाकाचा खांब. वर तो गाडीच्या अंगाला धरलेला आणि खाली एका लोअर आर्मला. आर्म रबराच्या बुशांवर बसवलेली. रचना हलकी, स्वस्त आणि सुबक. पण एकत्र कुटुंब मोडून फ्लॅट घेतला की दरवाजे वाढतात, बिजागऱ्या वाढतात आणि कुरकुरही वाढते. तसंच या गाड्यांचं झालं. एका आखाच्या जागी बुश, बॉलजॉइंट आणि टायरॉड एन्ड यांचा परिवार आला. यांतला कुणीही एक ढिला पडला, की चाकाचा पत्ता बदलतो.

आणि ढिला पडायला आमच्याकडे कारण आहे. नांदेड-लातूर हा सगळा काळ्या मातीचा मुलूख. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटून तिला हात जाईल अशा भेगा पडतात. सोयाबीन, तूर, हरभरा यांना ती मानवते. डांबराला मानवत नाही. वरचा रस्ता कितीही गुळगुळीत केला, तरी खालून माती श्वास घेत राहते आणि चार पावसाळ्यांत रस्त्याला लाटा येतात. कोकणातल्या माणसाला लाटा बघायला समुद्रावर जावं लागतं. आम्हाला तेवढा खर्च नाही.

अशा रस्त्यावर माझी गाडी एका वर्षी उजवीकडे ओढू लागली. डावीकडे ओढली असती तर मनाला लावून घेतलं नसतं. आपण डाव्या बाजूनं गाडी चालवतो, पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो, त्यामुळं सोडून दिलेली गाडी किंचित डावीकडे जाते. ती तिची प्रकृती. पण माझी गाडी चढाच्या बाजूला, म्हणजे समोरून उसाचे ट्रक येतात त्या बाजूला जाऊ बघायची. ब्रेक दाबला की आणखी एक हिसका. मी अलाइनमेंट करून घेतली. पंधरा दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. पुन्हा केली. अकरा महिन्यांत पाच वेळा केली, तीही दोन्ही जिल्ह्यांत. अन्याय कुणावर नको. दर वेळी चाकांना आरसे लावत, संगणकाच्या पडद्यावर माझ्या गाडीची जन्मपत्रिका उमटे आणि शेवटी छापील कागद मिळे. कागदावर टोचे आकडे हिरव्या चौकटीत. डाव्या चाकाच्या कॅम्बरचा आकडा तेवढा लाल. त्याबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं : 'साहेब, तो अॅडजस्ट होत नसतो. फॅक्टरीचाच असतो.'

उत्तरातलं पहिलं वाक्य खरं होतं. बहुतेक छोट्या गाड्यांत पाना लागतो तो फक्त टोला. कॅम्बर आणि कास्टर बदलायला कारखान्यानं जागाच ठेवलेली नसते. गोम दुसऱ्या वाक्यात होती. जो आकडा बदलता येत नाही, तो जर बदललेला दिसतो, तर कुठंतरी काहीतरी वाकलं किंवा झिजलं आहे, असाच त्याचा अर्थ. लॉकरला हात लावायची कुणाला परवानगी नाही, आणि आतला ऐवज कमी भरतोय! अशा वेळी 'तो आधीपासून तसाच असेल' म्हणून आपण कुलूप लावून घरी जात नाही.

हे मला सांगितलं नांदेडच्या जुन्या भागातल्या एका उस्तादानं. वय सत्तरीकडे झुकलेलं, बोलणं निम्मं मराठी, निम्मं दखनी. त्यांच्याकडे संगणक नव्हता. दोरा होता, खडू होता आणि एक पत्र्याची खुर्ची होती. मी पाचही कागद पुढं ठेवले. त्यांनी ते चष्मा न लावता बाजूला सारले आणि म्हणाले, 'साहेब, आधी चालवून दाखवा.' मी गाडी सरळ पुढं नेली. ते मागं उभे राहून बघत होते.

आमच्या वाटेवरच्या माळेगावला खंडोबाची मोठी यात्रा भरते आणि जनावरांचा बाजार भरतो. नांदेडकडची लाल कंधारी आणि लातूरकडची देवणी ही आमची नामांकित जनावरं. तिथं जाणता माणूस बैलाच्या तोंडाकडे नंतर जातो. आधी त्याला चालवून मागून चाल बघतो, आणि मग खूर उचलून झीज बघतो. उस्तादांची पद्धत हुबेहूब तीच. मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग येतात की गाडी कुत्र्यासारखी तिरकी धावते, हे त्यांनी आधी पाहिलं. मग दोऱ्यानं चारही चाकं ताडून मागचा आख जागेवर असल्याची खात्री केली.

पुढची तपासणी मी व्हाउचर तपासावं तशी मनात नोंदवून ठेवली, कारण तिच्यात एक क्रम होता. पहिल्यांदा हवा, दोन्ही बाजूंना सारखी भरली. मग पुढचे दोन टायर आपसांत बदलून चक्कर मारली. टायरच्या घडणीत दोष असेल तर ओढण्याची बाजू बदलते. ती बदलली नाही, म्हणजे टायर निर्दोष. मग चार किलोमीटर चालवून रिमांना हात लावला. एखादा ब्रेक चिकटत असेल तर ते चाक तापतं. तापलं नव्हतं. मग जॅक. चाक उचलून डाव्या-उजव्या कडांना धरून हलवलं. टायरॉड एन्ड झिजला असेल तर इथं खडखडतो. वर-खाली धरून हलवलं; इथं बॉलजॉइंट किंवा बेअरिंग बोलतं. दोन्ही गप्प. शेवटी त्यांनी गाडीखाली शिरून लोखंडी पार घातली आणि डाव्या लोअर आर्मला हिसका दिला. आर्म बोटभर मागं सरकली. बुशाचं रबर फाटलं होतं.

मग त्यांनी मला खाली वाकायला लावलं. डाव्या चाकाची बाहेरची कड नव्यासारखी होती. आतली कड, जी उभ्या माणसाला दिसतच नाही, तिच्यावरचं रबर संपून आतल्या तारा चमकत होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी लातूरला न्यायचं होतं. ती मागच्या सीटवर उशी घेऊन बसते आणि लोहा येईपर्यंत झोपी जाते. काही वेळ मी त्या तारांकडे बघत राहिलो. उस्तादही काही बोलले नाहीत. त्यांनी स्टेपनी काढायला पोराला हाक मारली.

मागं कधीतरी एखादा मोठा खड्डा बसून डावा शॉकअप किंचित वाकला होता. त्यामुळं डावं चाक वरून आत, म्हणजे उजवीकडे कललं. नाण्याचा न्याय आठवा : उजवीकडे कललेलं चाक गाडीला उजवीकडे ढकलणार. बिघाड डावीकडे आणि परिणाम उजवीकडे! दुहेरी नोंदीच्या पद्धतीचं इतकं स्वच्छ उदाहरण मला बी.कॉम.च्या पुस्तकातही भेटलं नव्हतं. आणि फाटक्या बुशामुळं ब्रेक लागला की चाक मागं सरायचं, टो बदलायची. मशीनवर गाडी उभी असते. तिथं कुणी ब्रेक मारत नाही, खड्डाही नसतो. म्हणून कागद खरा होता आणि रस्ताही खरा होता.

स्टेपनीचं नाव निघालं तर तिचाही वंश सांगून टाकतो. वेल्समधल्या लॅनेली गावी स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ साली पंक्चर झालेल्या चाकाला वरून जोडायचं जादा रिम विकायला काढलं, कारण तोवर गाडीबरोबर जादा चाक द्यायची पद्धतच नव्हती. तिकडं तो शब्द लोक विसरून गेले. आपल्याकडे मात्र काळ्या मातीतला शेतकरीसुद्धा ट्रॅक्टरची स्टेपनी विचारतो, आणि आपण वेल्समधल्या एका गल्लीचं नाव घेतोय हे त्याच्या गावीही नसतं.

उस्तादांनी शॉकअप बदलला, दोन्ही बाजूंच्या आर्मची बुशं बदलली. बुशांचे बोल्ट त्यांनी गाडी जमिनीवर टेकल्यावर, तिचं वजन चाकांवर आल्यावर आवळले. लटकत्या गाडीचे आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि पुन्हा फाटतं. नवे दोन टायर टाकले. आणि हे सगळं झाल्यावर म्हणाले, 'आता जाऊन मशीनवर टो करून घ्या. मशीन चांगलंच असतं.' मी चाट पडलो. माझी समजूत होती, म्हातारा संगणकाला नावं ठेवील. पण त्यांचं भांडण मशीनशी नव्हतंच, क्रमाशी होतं. आधी झीज शोधायची, मग वाकलेलं बदलायचं, आणि अलाइनमेंट सगळ्यांत शेवटी. नव्या कागदावर डाव्या कॅम्बरचा आकडा कुणी हात न लावता हिरवा झाला होता.

आमच्या बँकेत सस्पेन्स नावाचं एक खातं असतं. आकडे जुळत नाहीत, घरी जायची वेळ झाली, की फरकाची रक्कम तिथं टाकून ताळेबंद जुळवतात. नोंद तात्पुरती असते, फरक सापडला की काढायची असते. आमचे जुने हेडक्लार्क म्हणायचे, 'जुळलंय ते ठीक आहे, सापडलंय का?' झिजलेलं बुश तसंच ठेवून टायरॉड पिळणं ही सस्पेन्स नोंदच. कागद जुळतो, फरक गाडीखाली राहतो. सस्पेन्शन आणि सस्पेन्स यांचं इंग्रजी मूळ एकच, लटकणं. म्हणजे दोन्हीकडे नेमकं काय लटकलेलं आहे, हे खाली वाकून बघणं आलं.

जाता जाता एक हिशेब देतो, कारण हिशेबाशिवाय उठलो तर बँकेत चैन पडणार नाही. चाक आपल्या वाटेपासून एक अंश जरी वाकडं असलं, तर दर किलोमीटरला ते सुमारे साडेसतरा मीटर आडवं घासतं. नांदेड-लातूर १४० किलोमीटर धरलं, तर एका खेपेत जवळजवळ अडीच किलोमीटर ते चाक आडवं फरफटतं. अडीच किलोमीटर म्हणजे घरापासून मंडईपर्यंत जाऊन परत येणं. टायर बोलू शकत नाही. तो फक्त आतल्या बाजूनं झिजतो, आणि माणसं बाहेरची कड बघून म्हणतात, 'अजून वर्षभर चालेल.'

आता कुणी मुलीसाठी स्थळ आणून 'मुलगा अगदी सरळ आहे हो' असं म्हणाला, की मी हरकत घेत नाही. फक्त त्याला म्हणतो, जरा चालवून दाखवा. मी मागून बघतो.